भट्टीजवळ वास येता कामा नये

एक टन ओलं रोशा गवत टाकीत गेलं की चांगल्या दिवशी चार ते पाच किलो तेल हाती लागतं. बाकी ९९५ किलो म्हणजे पाणी, काडी आणि चोथा. हा हिशेब पहिल्यांदा ऐकणारा शेतकरी माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की उरलेलं तेल मीच घरात लपवलं असावं. मग टाकी उघडून दाखवावी लागते.

शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमची सुवासिक गवतांची भट्टी आहे. मी रसायनशास्त्राची पदवीधर. लग्न होऊन इथं आले तेव्हा त्या पदवीचा उपयोग फार तर शिकवण्या घेण्यापुरता होईल असं वाटलं होतं. सासऱ्यांनी मुरमाड, कोरडवाहू तुकड्यात रोशा लावला आणि माझं रसायनशास्त्र थेट चुलीवर आलं. आता आमच्या गवताबरोबर आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा रोशा आणि गवती चहाही आमच्याकडे येतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हमखास म्हणतात, "काय भाग्य वहिनी, दिवसभर सुगंधात असता!" त्यांना सांगावं लागतं, भट्टीजवळ घमघमाट सुटला असेल तर आमचं नुकसान चाललंय. तो वास म्हणजे हवेत उडणारं तेल. चांगल्या चाललेल्या भट्टीजवळ धुराचा आणि ओल्या गवताचा वास येतो, सुगंध बाटलीत असतो.

तेल असून तेल नाही

सुवासिक तेल आणि शेंगदाण्याचं तेल यांचं नातं फक्त नावापुरतं. कोऱ्या कागदावर दोन्हींचा एकेक थेंब टाका आणि कागद उन्हात ठेवा. शेंगदाण्याच्या तेलाचा पारदर्शक डाग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. रोशाचा डाग काही वेळात नाहीसा होतो, कारण हे तेल उडून जाणारं आहे. त्यात स्निग्ध पदार्थ नसतात, असतात ती लहान, हलकी सेंद्रिय संयुगं. रोशात मुख्य संयुग जिरॅनिऑल, साधारण ७० ते ८५ टक्के. गवती चहात सिट्रल, लवंगेत युजेनॉल, पुदिन्यात मेंथॉल. प्रत्येक तेलात याशिवाय डझनावारी इतर घटक थोड्याथोडक्या प्रमाणात असतात आणि वासाची खरी नजाकत त्यांच्यामुळे येते.

झाड हे तेल माणसासाठी करत नाही. कीड दूर ठेवणं, बुरशीशी लढणं, परागण करणाऱ्या कीटकांना बोलावणं अशी त्याची स्वतःची कामं असतात. साठवणीची जागाही प्रत्येकाची वेगळी. पुदिन्याच्या पानावर भिंगातून पाहिलं तर बारीक चमकदार ग्रंथी दिसतात, तेल तिथं वरच्यावर असतं. संत्र्याच्या सालीत ते डोळ्यांनी दिसणाऱ्या पिशव्यांमध्ये असतं, म्हणून साल दाबली की डोळ्यात फवारा जातो. वाळ्यात ते मुळांच्या आत असतं, चंदनात खोडाच्या गाभ्यात. रोशात ते फुलोऱ्यात आणि पानात असतं, दांड्यात जवळजवळ नसतंच.

एवढ्या एका माहितीवर आमचा निम्मा धंदा उभा आहे. रोशा कापायचा तो फुलोरा उमलल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांनी. त्याआधी कापला तर तेल कमी, फार उशीर केला तर दाणा पक्व होऊन तेल उतरतं. जमिनीलगत कापला तर टाकीत नुसते दांडे भरतात. जळण तेवढंच लागतं, तेल मात्र वाढत नाही. शेतकऱ्याला वजन दिसतं, मला दांडे दिसतात. त्यावरून आमच्याकडे दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी टाकी माझ्या बाजूनं निकाल देते.

जनरल मार्टिनचं गवत आणि खानदेशाचं तेल

विदर्भात रोशाला तिखाडी म्हणतात, आयुर्वेदात हे गवत रोहिष म्हणून ओळखलं जातं. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. यातला मार्टिन म्हणजे लखनौचा फ्रेंच जनरल क्लॉड मार्टिन, ज्याच्या पैशातून ला मार्टिनिएर शाळा उभ्या राहिल्या तोच. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटच्या उंच प्रदेशात असताना, जनावरं एक गवत आवडीनं खातात आणि त्यांच्या दुधालाही त्याचा वास येतो, हे त्यानं हेरलं. त्यानं बी गोळा केलं. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गनं पुढे या गवताला त्याचं नाव दिलं.

तेलाच्या धंद्यात मात्र नाव झालं ते खानदेश आणि निमाडचं. १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरमध्ये रोशाच्या तेलाची नोंद आहे. त्या काळची भट्टी अशी होती: ओढ्याच्या काठी दगडी चूल, तिच्यावर लोखंडी कढई, कढईत गवत ठासून भरलेलं आणि वर थोडं पाणी. लाकडी झाकण बसवून सांधे उडदाच्या पिठानं बुजवायचे. झाकणातून बांबूची पोकळ नळी निघायची आणि वाहत्या पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरायची. ओढा हाच कंडेन्सर. म्हणून भट्ट्या ओढ्यांच्या काठानं लागायच्या आणि पावसाळा संपल्यावर, गवत फुलोऱ्यात असताना, चालायच्या. आज आमच्याकडे स्टीलची टाकी आणि नळ्यांचा कंडेन्सर आहे, पण त्या कढईत आणि आमच्या टाकीत तत्त्वाचा काहीच फरक नाही. उडदाचं पीठ तर अजूनही अडीनडीला कामाला येतं. झाकणाचं पॅकिंग ऐनवेळी फाटलं आणि शहाद्याला जायला वेळ नसला की घरातून पिठाची परात बाहेर येते. वाफ लागली की ते कडक होतं आणि घट्ट बसतं.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे जायचं आणि तिथून अरबस्तानमार्गे इस्तंबूलला. तिथं त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. युरोपातल्या व्यापाऱ्यांना ते तुर्कांकडून मिळायचं, म्हणून त्यांनी त्याला 'टर्किश जिरेनियम ऑइल' असं नाव ठेवलं. खानदेशातलं गवत, तुर्कस्तानचं लेबल आणि जिरेनियम या तिसऱ्याच झाडाचं नाव!

इस्तंबूलला एवढं तेल कशाला लागत होतं? गुलाबाच्या अत्तरात मिसळायला. गुलाबाचं एक किलो तेल काढायला साधारण साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात आणि त्या पाकळ्या पहाटेच्या गारव्यात हातानं खुडाव्या लागतात. रोशाचं तेल त्या मानानं कितीतरी स्वस्त, आणि त्याचा वास गुलाबाच्या इतका जवळचा की बल्गेरिया आणि तुर्कस्तानातले व्यापारी ते उन्हात ठेवून फिकट करत आणि गुलाबात मिसळत. पारखी लोकही हुशार होते. अस्सल गुलाबतेलात मेणासारखा एक घटक असतो, त्यामुळे ते थंडीत गोठू लागतं. रोशात तो घटक नाही, त्यामुळे भेसळ वाढली की गोठणं कमी होतं. मग बाटली थंड करून बघण्याची रीत पडली.

वास जवळचा का, याचं उत्तर रसायनशास्त्रानं दिलं. गुलाबाच्या तेलातलाही एक प्रमुख घटक जिरॅनिऑलच आहे. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यानं हा पदार्थ पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा केला, तो भारतातून आलेल्या याच गवताच्या तेलातून. पदार्थाला नाव मिळालं ते पुन्हा जिरेनियमचं. आज जगभर गुलाबाच्या वासाचे साबण, क्रीम आणि उदबत्त्यांमध्ये जिरॅनिऑल असतं. त्याची पहिली ओळख पटली ती आपल्याकडच्या गवतातून, हे आमच्या शाळांमध्ये कुणी सांगत नाही. मी सांगते.

दोनशे तीसचं काम शंभरच्या आत

जिरॅनिऑलचा उत्कलनबिंदू सुमारे २३० अंश सेल्सियस. गवत तेवढं तापवलं तर ते करपेल. मग १०० अंशांच्या वाफेनं ते तेल बाहेर कसं येतं? ही या विद्येची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले, तर प्रत्येक जण दुसरा शेजारी नसल्यासारखी स्वतःची वाफ करतो. मिश्रण उकळायला लागतं ते दोघांच्या वाफांचा दाब मिळून बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की. पाण्याच्या वाफेचा दाब ९९ अंशांजवळ हवेच्या दाबापेक्षा थोडासाच कमी असतो. ती उरलेली उणीव तेलाची वाफ भरून काढते. त्यामुळे दोन्ही मिळून शंभरच्या किंचित खालीच उकळतात आणि पाण्याच्या पाठीवर बसून तेलही बाहेर पडतं. तेलाच्या वाफेचा वाटा लहान असतो, पण त्याचा रेणू जड असतो. पाण्याचा रेणुभार १८, जिरॅनिऑलचा १५४. त्यामुळे वाफेत थोडे रेणू असूनही वजनात तेल बऱ्यापैकी येतं. घरी गवती चहा उकळताना पातेल्यावर झाकण ठेवा आणि झाकणाच्या आतले थेंब हुंगून बघा. तीच क्रिया आहे, आम्ही फक्त तो थेंब पुन्हा चहात पडू देत नाही.

आमची टाकी उंच नळकांड्यासारखी आहे. तळाला पाणी, त्याच्या वर लोखंडी जाळी, जाळीवर गवत. पाण्यात गवत बुडता कामा नये, नाहीतर ते शिजतं आणि तेलाला शिजलेल्या भाजीचा वास लागतो. खाली चुलाण पेटलं की वाफ जाळीतून गवतात शिरते.

गवत आदल्या संध्याकाळी कापून रात्रभर सावलीत पसरून ठेवतो. थोडं सुकलं की वजन उतरतं, टाकीत जास्त मावतं आणि पाणी तापवण्यात जळण वाया जात नाही. मात्र ढीग करून ठेवायचं नाही. ओल्या गवताचा ढीग आतून तापतो, कुजू लागतो आणि तेल खराब होतं. पावसात भिजलेलं गवत घेऊन कुणी ट्रॅक्टर दारात उभा केला तर मी परत पाठवते, मग तो नात्यातला का असेना.

भरणं ही खरी कला. दोन माणसं टाकीत उतरून थर थर तुडवतात. सैल राहिलं तर वाफेला वाट सापडते आणि ती त्याच वाटेनं सरळ वर निघून जाते. भट्टी संपून टाकी उघडली की हे उघड दिसतं: वाफ लागलेलं गवत मऊ, तपकिरी, मलूल असतं, आणि मधेच कुठे हिरवागार पट्टा दिसला तर तिथलं तेल तिथंच राहिलेलं असतं. चोथा काढताना मी स्वतः उभी राहते. हिरवा पट्टा दिसला की भरणाऱ्या पोरांना नुसतं बोट दाखवते, बोलायची गरज पडत नाही. फार घट्ट भरलं तरी पंचाईत, वाफ अडते आणि झाकणाच्या कडेनं फुसफुसायला लागते.

पहिली वाफ कंडेन्सरमध्ये पोचली की सेपरेटरमध्ये आधी गढूळ, दुधट पाणी पडतं. मग त्याच्यावर फिकट पिवळा पातळ थर दिसू लागतो. रोशाचं तेल पाण्यापेक्षा हलकं आहे, त्यामुळे ते वर तरंगतं आणि पाणी खालच्या वाकड्या नळीतून निघून जातं. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं. वाळ्याच्या तेलाचं वजन पाण्याच्या अगदी आसपास, त्यामुळे ते वेगळं होता होत नाही आणि माणसाचा अंत बघतं.

आता आचेकडे लक्ष. जाळ मोठा केला की तेल भराभर येईल, असं प्रत्येक नव्या माणसाला वाटतं. होतं उलटंच. वाफ जास्त आणि कंडेन्सरचं पाणी कोमट, मग वाफ थंड व्हायच्या आत बाहेर पडते. तोच तो घमघमाट. त्यामुळे मी अधूनमधून सेपरेटरमध्ये पडणाऱ्या धारेखाली हात धरते. धार कोमट असली तर ठीक, चटका बसला तर जाळ काढायला सांगायचा.

रोशाची भट्टी साधारण दोन ते चार तास चालते. निम्म्याहून जास्त तेल सुरुवातीच्या टप्प्यात येतं आणि शेवटी शेवटी चमचाभर तेलासाठी लाकडं जाळणं परवडत नाही. पण घाईनं मधेच थांबवूनही चालत नाही. सुरुवातीला येणारं आणि शेवटी येणारं तेल एकसारखं नसतं, दोन्ही मिळूनच पूर्ण वास होतो. काचेच्या बाटलीत धार धरायची, उजेडात बघायची. पाण्यावर तेलाचे तवंग जेमतेम दिसू लागले की जाळ काढायचा. शेतकरी तोवर शेजारी उकिडवे बसलेले असतातच. "वहिनी, कितलं निंघनं?" हा प्रश्न सेपरेटर रिकामा होण्याआधीच येतो.

तेल निघाल्यावर काम संपत नाही. त्यातला पाण्याचा अंश काढायला निर्जल सोडियम सल्फेट टाकून गाळतो. मग अॅल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या डब्यात गळ्यापर्यंत भरतो, कारण डब्यात हवा राहिली की तेल जुनाट होतं. साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये कधीही ठेवायचं नाही. चोथा उन्हात वाळवायचा, तोच पुढच्या भट्टीचं जळण. लाकूड विकत घेऊन हा धंदा करायला निघालात तर तेलाचे पैसे वखारवाल्याला जातील.

वाफ सगळ्यांना मानवत नाही

माझं गवत धट्टंकट्टं आहे, त्याला वाफ चालते. सगळ्यांना चालत नाही. मोगऱ्याला वाफ दिली तर त्याचा नाजूकपणा संपतो. म्हणून फुलं हेक्झेनसारख्या द्रावणात भिजवतात, द्रावण उडवून टाकलं की मेणकट लगदा उरतो, त्याला 'काँक्रीट' म्हणतात. तो अल्कोहोलमध्ये धुतला, मेण काढलं, अल्कोहोल उडवलं की राहतं ते 'अॅब्सोल्यूट'. पूर्वी फ्रान्समध्ये ग्रासला चरबीच्या थरावर फुलं अंथरून त्यांचा वास चरबीत जिरवत असत. लिंबू-संत्र्याला तर उष्णताच नको, साल यंत्रात खरवडून, दाबून तेल काढतात. नवीन कारखान्यांत कार्बन डायऑक्साइड वापरतात. हा वायू ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पटींपलीकडे नेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव होत नाही, पण वास विरघळवून घेतो आणि दाब काढला की काहीही मागे न ठेवता निघून जातो. आलं आणि मिऱ्याच्या अर्कासाठी ही पद्धत छान. यंत्राची किंमत मात्र आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची.

दुसऱ्या टोकाला कनौज. तिथं आजही तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, बांबूची नळी म्हणजे चोंगा, आणि पाण्याच्या हौदात बसवलेला भपका. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं आणि फुलाची वाफ त्यात उतरून मुरते. भाजलेल्या मातीचं अत्तरही असंच बनतं. चंदनाचं तेल स्वतः काढायचं म्हणजे गाभ्याचा भुगा करून दोन-तीन दिवस वाफ द्यावी लागते. पहिल्या महायुद्धाआधी म्हैसूरचं चंदन लाकूड म्हणूनच परदेशी जायचं. युद्धानं जर्मनीची वाट बंद झाल्यावर बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी इथंच तेल काढून दाखवलं आणि १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानानं कारखाना काढला. लाकूड विकण्यापेक्षा तेल विकण्यात जास्त पैसा आहे, हे संस्थानाला महायुद्धानं शिकवलं. आमच्या शेतकऱ्यांनाही कुणीतरी हे शिकवायला हवं, पण त्यासाठी युद्ध नको.

गवत लावण्याआधी, बाटली घेण्याआधी

लखनौची सीमॅप ही संस्था १९५९ पासून औषधी आणि सुवासिक वनस्पतींवर काम करते. रोशाचे 'तृष्णा'सारखे सुधारित वाण तिथलेच. बियाणं अशा खात्रीच्या ठिकाणचंच घ्यावं, कारण रोशात दोन जाती आहेत. मोतिया आणि सोफिया. मोतिया निचऱ्याच्या, कोरड्या उतारांवर वाढतो आणि त्याचं तेल गुलाबी वासाचं. सोफिया ओलसर, सखल जागेत येतो आणि त्याच्या तेलात जिरॅनिऑल कमी, म्हणून भावही कमी. शेतात दोन्ही बघून फरक ओळखता येत नाही. वास सांगतो, पण तोवर दोन एकर लागलेलं असतं.

माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्यांना मी तीन प्रश्न विचारते. भट्टी किती लांब? ओलं गवत दूरवर नेण्यात भाडंच खाऊन जातं. तेल कोण घेणार? पुदिन्याच्या तेलाचा भाव निदान मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात दिसतो, रोशाचा भाव व्यापाऱ्याच्या फोनवरच कळतो, आणि तो वर्षागणिक वरखाली होतो. आणि तिसरा, सगळं शेत यात घालणार आहात का? उत्तर 'हो' आलं तर मी चहा पाजून परत पाठवते. मुरमाड, दुसरं काही न येणारा तुकडा असेल तर जरूर लावा. एकदा लावलं की काही वर्षं राहतं, पाऊस थोडा ओढला तरी तगतं.

आणि बाटली विकत घेणाऱ्यांसाठी. ज्या रोशानं एकेकाळी गुलाबात भेसळ व्हायचं काम केलं, त्याच्यातच आता भेसळ होते. कारखान्यात तयार होणारं जिरॅनिऑल स्वस्त आहे, ते ओतलं की वास जवळपास तसाच येतो. पूर्वीचे लोक रॉकेल, टर्पेंटाइन किंवा खोबरेल मिसळत. ते पकडणं सोपं, कारण अस्सल रोशाचं तेल ७० टक्के अल्कोहोलच्या दुप्पट-तिप्पट मापात स्वच्छ विरघळतं आणि भेसळ असेल तर गढूळ होतं. कृत्रिम जिरॅनिऑल पकडायला मात्र गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. यंत्रावर प्रत्येक घटकाची रेघ वेगळी उमटते. अस्सल तेलात बारीकसारीक घटकांच्या रेघांची गर्दी असते, बनावट तेलात दोन-चार उंच रेघा आणि मधे सपाट माळ. चांगला विक्रेता हा अहवाल मागितल्यावर दाखवतो.

तो अहवाल प्रत्येकाला वाचता येणार नाही. बाटली मात्र वाचता येते. तिच्यावर झाडाचं शास्त्रीय नाव आहे का, कोणता भाग वापरला, कोणत्या पद्धतीनं तेल काढलं, कुठलं पीक, हे बघा. 'शुद्ध नैसर्गिक मोगरा' दोनशे रुपयांना मिळत असेल तर त्यात मोगरा नाही, एवढं मनाशी पक्कं करा. तेल तोंडात घालू नका. कापूर आणि निलगिरीचं तेल पोटात गेलं तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, त्यामुळे बाटली त्यांच्या हाताला लागू देऊ नका. अंगाला लावायचं तर साध्या तेलात अगदी थोडं मिसळून, आणि आधी मनगटावर लावून बघा. रोशातलं जिरॅनिऑलच काहींच्या त्वचेला खाज आणतं. युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर ठरावीक प्रमाणापुढे ते छापावंच लागतं.

माझी एकच विनंती आहे. हे तेल आधी तुर्काच्या नावानं विकलं गेलं, मग जिरेनियमच्या, मग गुलाबाच्या. उदबत्तीत, साबणात, मालिशच्या तेलात रोशा असेल तर कंपन्यांनी तो रोशा म्हणून छापावा, आणि तुम्ही दुकानात त्याच नावानं मागावा. मागणी नावानं आली तरच एका टनातल्या त्या चार-पाच किलोंचा भाव सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोचेल.